मद्रासच्या बदल्यात लुईबर्ग

प्रश्न : १७४६ मध्ये फ्रेंचांनी जिंकलेले मद्रास इंग्रजांना न लढता परत कसे मिळाले?

उत्तर : कारण त्याचा निकाल युरोपात लागला. ऑस्ट्रियाच्या वारसाहक्कावरून पेटलेल्या युद्धात इंग्लंड व फ्रान्स एकमेकांविरुद्ध उभे होते. ला बूर्दोने या फ्रेंच सेनानीच्या आरमाराने मद्रास घेतले आणि खंडणीच्या बदल्यात ते परत देण्याचे त्याने कबूल केले. परंतु पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर डुप्ले याने तो करार धुडकावला, आणि ऑक्टोबरच्या वादळात आरमाराची दैना होऊन ला बूर्दोने निघून गेल्यावर शहर डुप्लेच्याच हाती राहिले. दरम्यान, उत्तर अमेरिकेतील केप ब्रेटन बेटावरचा लुईबर्ग हा फ्रेंच किल्ला न्यू इंग्लंडच्या वसाहतींतील फौजेने ब्रिटिश आरमाराच्या साहाय्याने १७४५ मध्येच जिंकला होता. हे युद्ध संपवणाऱ्या १७४८ च्या एक्स-ला-शापेलच्या तहात या दोन ठाण्यांची अदलाबदल झाली. न्यू इंग्लंडमध्ये त्यावर संताप उसळला. मला मात्र अधिक बोचते ते हे, की ज्याच्या मुलखात मद्रास होते आणि ज्याच्या फौजेला मूठभर फ्रेंच शिपायांनी अड्यार नदीकाठी हरवले होते, त्या अर्काटच्या नवाब अन्वरुद्दीनला या तहात स्थानच नव्हते.