कीपरला हवेत उडवावं लागलं

प्रश्न : सर, मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर बी.एस्सी. प्रथम वर्षाला फिजिक्स शिकवते. अभ्यासक्रम बदलला. संदर्भपुस्तकाच्या लायब्ररीत दोन प्रती आणि वर्गात चौसष्ट मुलं, त्यातली निम्म्याहून जास्त मराठी माध्यमातून आलेली. एका प्रशिक्षणात ‘मुक्त शैक्षणिक संसाधनं वापरा’ असं सांगितलं. घरी येऊन शोधायला बसले तर इतकं सापडलं की काहीच हाती लागलं नाही. शिवाय नेटवरची पानं माझ्या नोट्समध्ये घातली तर ती चोरी नाही का? आमचे विभागप्रमुख म्हणतात, फुकटचं ते फुकटच्याच लायकीचं.

उत्तर : मॅडम, फुकट आणि मुक्त यांची गल्लत विभागप्रमुखांची झाली आहे आणि थोडी तुमचीही. यूट्यूबवरचं व्याख्यान फुकट बघता येतं, पण ते कापून, मराठी करून मुलांना वाटायची मुभा बहुतेक वेळा नसते. मुक्त म्हणजे ज्यावर लेखकानं आधीच लिहून ठेवलंय की घ्या, वाटा, बदला, फक्त माझं नाव राहू द्या. (आमच्याकडे ‘मुक्त’ म्हटलं की लोकांना नाशिकचं विद्यापीठ आठवतं, ते वेगळं.) ‘मुक्त शैक्षणिक संसाधनं’ हे नाव २००२ साली युनेस्कोच्या एका बैठकीत पडलं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात क्रिएटिव्ह कॉमन्स (थोडक्यात सीसी) या संस्थेचे पहिले परवाने आले, लेखकानं अशी मुभा लिहून द्यायचे तयार नमुने. चोरी आहे की नाही, हे त्या परवान्यावरून ठरतं.

तेव्हा आधी परवाना वाचायचा, मग मजकूर. नुसतं ‘सीसी बाय’ असेल तर नाव देऊन काहीही करा. ‘एसए’ असेल तर तुमच्या बदललेल्या नोट्सही त्याच अटीवर खुल्या ठेवाव्या लागतात. ‘एनसी’ म्हणजे त्यावर धंदा करायचा नाही. ‘एनडी’ दिसलं की तुमच्या कामापुरतं ते पुस्तक मिटून ठेवा, कारण बदललेली प्रत वाटता येत नाही आणि भाषांतर हाही बदलच.

शोधायचं कुठे? गूगलवर भटकू नका, मी दोन वर्षं तेच करून थकलो. तुमच्या विषयाला दोन ठिकाणं पुरतात. एक, अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचं ओपनस्टॅक्स, म्हणजे मुक्त पाठ्यपुस्तकांचं संकेतस्थळ. त्यांचं ‘कॉलेज फिजिक्स’ २०१२ पासून आहे आणि दुसरी आवृत्ती सीसी बाय परवान्यावर मिळते. दुसरं, कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट, म्हणजे संगणकावर करायचे प्रयोग. नोबेल मिळाल्यानंतरच्या वर्षी, २००२ मध्ये, कार्ल वीमन यांनी ते सुरू केलं. बॅटरी, बल्ब, वायर पडद्यावर जोडून सर्किट करता येतं, काही प्रयोग मराठीतही आहेत. फाइल एकदा उतरवून घेतली की इंटरनेट लागत नाही. लाइट गेली तरी लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत तास चालतो. आयआयटी आणि आयआयएस्सीच्या व्हिडिओ व्याख्यानांचं एनपीटेल आहेच, पण ते तुम्ही स्वतःच्या तयारीसाठी बघा. पहिल्या वर्षाची मुलं दहाव्या मिनिटाला मोबाइल काढतात.

आता खरं काम. ओपनस्टॅक्सच्या पुस्तकात टकरीच्या प्रकरणात आइस हॉकीचा एक गोलरक्षक आहे. वजन ७० किलो, स्थिर उभा, आणि ३५ मीटर प्रति सेकंद वेगानं आलेली ०.१५० किलोची चकती तो पकडतो. मग तो किती वेगानं मागे सरकेल? माझ्या वर्गात बर्फावरची हॉकी कुणीच पाहिली नव्हती. चकती म्हणजे कॅरमची का, असं एकानं विचारलं. मी रात्री बसून गोलरक्षकाचा विकेटकीपर केला आणि चकतीचा १६० ग्रॅमचा बॉल. वेग तोच ठेवला, ताशी १२६ किलोमीटर म्हणजे चांगला फास्ट बोलर. मोठ्या ऐटीत फळ्यावर मांडलं.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. तो तालुक्याच्या संघातून खेळायचा. म्हणाला, “सर, कीपर मागे सरकत नाही. त्याच्या बुटांना स्पाइक्स असतात.”

बरोबर होतं त्याचं! बर्फावर घर्षण जवळजवळ नसतं, म्हणून तर मूळ लेखकानं बर्फ निवडला होता. मी पात्रं बदलली आणि बर्फ काढून टाकला. जमिनीनं लावलेलं बल हिशोबातच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी कीपरला उडी मारायला लावली. दोन्ही पाय हवेत, आडवा वेग शून्य, तेवढ्यात बॉल ग्लोव्हजमध्ये. आता आडव्या दिशेनं बाहेरचं बल नाही, संवेग (वस्तुमान गुणिले वेग) कायम. ०.१६ गुणिले ३५ म्हणजे ५.६, त्याला कीपर आणि बॉल मिळून ७०.१६ नं भागा, आलं सेकंदाला सुमारे ८ सेंटिमीटर. (‘संवेग’ शाळेत शिकलेला असतो, पण मुलं ‘मोमेंटम’च म्हणतात. मी दोन्ही लिहितो.) त्या वर्षी संवेगाच्या अक्षय्यतेची अट, बाहेरचं बल शून्य हवं ही, कुणाला पाठ करावी लागली नाही.

विभागप्रमुखांना हे उदाहरण दाखवा. आयतं उचललं असतं तर फुकटचं म्हणता आलं असतं. इथं मेहनत लागली, आणि ती करायची परवानगी त्या परवान्यात होती. विकतच्या पुस्तकाचं असं काही करून मी पानं वाटली असती, तर मला त्यांच्यासमोर खालमानेनं उभं राहावं लागलं असतं.

अख्खं पुस्तक मात्र मुलांच्या व्हॉट्सॲपवर ढकलू नका. हजारावर पानं असतात आणि तुमच्या युनिटांचा क्रम त्याच्याशी जुळणारही नाही. ‘परीक्षेला काय?’ हे विचारल्याशिवाय मुलं पान उलटत नाहीत, यात त्यांचा दोष नाही. एका युनिटसाठी सहा-सात पानं निवडा, विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिकेतले दोन प्रश्न शेवटी जोडा, आणि तळाशी एक ओळ : ‘मूळ मजकूर ओपनस्टॅक्स, कॉलेज फिजिक्स, सीसी बाय ४.०, उदाहरणांत बदल केले आहेत.’ शेजारी मूळ पानाचा पत्ताही द्या. बदल केला हे सांगणं अटीतच आहे, ते विसरू नका.

कीपरचं उदाहरण हवं तर तसंच घ्या. नाव ओपनस्टॅक्सचं टाका, माझं नको. आणि स्पाइक्सचा प्रश्न कुणी विचारतो का, तेवढं आधी थांबून बघा.