कर्नल कोसळल्यानंतर मेमरी डंप कसा मिळवावा?

रत्नागिरीतील मच्छीमार सोसायटीचा लिनक्स सर्व्हर रात्री आपोआप रीस्टार्ट होतो आणि लॉगमध्ये काहीच सापडत नाही, असे आपण लिहिले आहे. पावसाळ्याचे दिवस असल्याने प्रथम यूपीएसची नोंद तपासावी, कारण वीज जाऊन यंत्र बंद पडले असेल तर कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) पॅनिक होण्याचीही, म्हणजे गंभीर चूक ओळखून थांबण्याचीही, सवड मिळत नाही आणि डंप, म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीची प्रत, तयार होत नाही.

वीज सुरळीत असेल तर केडम्प (kdump) ही लिनक्सची डंप साठवण्याची सोय वापरावी. कोसळलेल्या कर्नलवर स्वतःची मेमरी डिस्कवर उतरवण्याचा भरवसा ठेवता येत नाही. म्हणून रॅमचा एक भाग बूट होतानाच राखून त्यात दुसरा छोटा कर्नल सज्ज ठेवला जातो आणि पहिला पॅनिक झाला की केएक्झेकद्वारे (एका कर्नलमधून थेट दुसरा सुरू करण्याच्या सोयीने), बायोसकडे न जाता, हा दुसरा कर्नल ताबा घेऊन जुनी मेमरी व्हीएमकोअर या फाइलमध्ये साठवतो.

बूट पॅरामीटरमध्ये ‘क्रॅशकर्नल’साठी सुरुवातीला २५६ एमबी द्यावेत, केडम्प सेवा चालू करावी आणि सर्व्हर रीस्टार्ट करावा. त्यानंतरची चाचणी मात्र कृपया टाळू नये: सोसायटीचे काम थांबवून, बॅकअप घेऊन, रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून सिसआरक्यू ट्रिगरमध्ये, म्हणजे कर्नलला थेट आदेश देणाऱ्या /proc/sysrq-trigger या फाइलमध्ये, ‘सी’ (c) हे अक्षर लिहावे, म्हणजे कर्नल तत्क्षणी कोसळतो. राखीव मेमरी अपुरी असेल तर ते याच वेळी कळते. डंप वाचायला त्याच आवृत्तीच्या कर्नलची डीबग माहिती (मेमरीतील मजकुराचा कोडशी मेळ घालणारी माहिती) लागते. शिवाय डंपमध्ये पासवर्डही असू शकतात, तेव्हा ती फाइल कोणालाही सहज पाठवू नये.