एफएन मॅग ही मशीनगन ओरिजिनल आहे की अमेरिकन ब्राउनिंगच्या बंदुकीची आणि जर्मन एमजी-४२ मशीनगनची कॉपी? भारतात बनते का?

कॉपी म्हणणाऱ्यांनी आधी दोन मशीनी एकत्र चालवून दाखवाव्यात, मग बोलावं. चिडून लिहितोय, कारण हेच मला आमच्या साडूंनी सासऱ्यांच्या पंचाहत्तरीत सगळ्यांसमोर ऐकवलंय.

इंदूरला सांवेर रोडवर आमचं नमकीनच्या पॅकिंग मशीनींचं काम. एका जुन्या मशीनची फिल्म ओढायची सिस्टीम मस्त, दुसरीचं वजनाचं हेड मस्त, पण दोन्ही बसतात वरच आणि जागा एकाचीच. मग कॅम-लिव्हर अख्खं उलटं करून खाली घेतलं. उलटं केलं की स्प्रिंगचा जोर, रोलरची खाच सगळंच बदलतं, फिल्म तिरकी जायची, शेव सीलमध्ये अडकायची, डोकं फिरायचं. चाललं एकदाचं, तर साडू हातात प्लेट घेऊन म्हणतात, 'ह्यात तुझं काय? दोन्ही दुसऱ्यांचंच.' इंजिनियर आहेत, कागदावरचे.

मॅगचंही तेच. बेल्जियमच्या एफएन ह्या बंदुका बनवणाऱ्या कंपनीत अर्नेस्ट व्हर्विएने १९५० च्या दशकात ती बनवली. ब्राउनिंगच्या बीएआर ह्या ऑटोमॅटिक रायफलमध्ये बोल्ट, म्हणजे गोळी सुटताना नळीचं मागचं तोंड बंद ठेवणारा तुकडा, वरच्या अंगाला लॉक होतो आणि मॅगझिन खालून लागतं. गोळ्यांचा पट्टा वरून घ्यायचा तर वर जागा हवी, म्हणून ह्या माणसाने लॉकिंगच उलटं करून खाली नेलं. वरच्या झाकणात फीड, म्हणजे पट्टा आत ओढायची सिस्टीम, एमजी-४२ चं, बोल्टवरचा रोलर वाकड्या खाचेतून पुढेमागे पळतो आणि पट्टा दोन टप्प्यांत सरकतो, एका हिसक्यात नाही. पण एमजी-४२ चालायची रिकॉइलवर (गोळी सुटल्यावर नळीला बसणाऱ्या मागच्या झटक्यावर), ही चालते गॅसवर (नळीतल्या जळलेल्या दारूच्या गॅसच्या दाबावर), म्हणजे नुसतं झाकण उचलून बसवलं असं नाहीच. अमेरिकेने आपल्या एम६० मशीनगनमध्ये त्याच फीडवरून उचललं होतं की, तरी शेवटी तिच्या जागी मॅगच घेतली, एम२४० नावाने. उचलणं सोपं असतं तर त्यांचीच टिकली असती ना?

हां, एक खरं, ब्राउनिंग एफएनला परका नव्हता. ते बीएआर स्वतः बनवायचे, आणि १९२६ मध्ये तो वारला तोही त्यांच्याच कारखान्यात. त्यामुळे चोरी वगैरे म्हणू नका. एमजी-४२ वाल्या जर्मनांना काय वाटलं असेल ते वेगळं.

भारतात बनते, कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत, आपल्या फौजेची एमएमजी (मीडियम मशीनगन) म्हणतात ती हीच. तुम्हाला कॉपी म्हणून कोणी सांगितलं, तो कधी वर्कशॉपमध्ये उभा राहिलाय का, ते विचारा आधी.