घोड्यांच्या डॉक्टरांकडे शिकायला जातेस तर

अगं, स्टेथोस्कोप घेतलास ते ठीक, पण आधी बूट घे. फोंड्याकडच्या तबेल्यात मी भर जूनमध्ये चपला घालून गेले होते. घोडीचा पाय पडला आणि अंगठ्याचं नख गेलं. चूक माझीच, घोडीची नव्हे.

जवळ जाताना खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जा. शेपटीमागचं त्याला दिसत नाही.

पहिले आठ दिवस नुसती नाडी मोज. जबड्याच्या कडेखाली बोटं टेकव, शीर दोरीसारखी सरकते. शांत उभ्या मोठ्या घोड्याचे मिनिटाला 28 ते 44 ठोके. सारखा पोटाकडे वळून बघतोय, जमीन खरवडतोय आणि ठोके 60 च्या वर, तर डॉक्टरांना लगेच हाक मार. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून पोट तुंबलं की नाकातून नळी घालावी लागते. तेव्हा बादली तुझ्याच हातात येणार, तीही नीट धर.

आपल्या पावसात खूर कुजतात. तळव्यातल्या त्रिकोणी गादीच्या खाचेत काळा, घाण वासाचा लगदा दिसला तर साफ करून खूर कोरडा ठेव. तो वास मात्र दोन दिवस हाताला राहतो, खोबरेल चोळलंस तरी.