"ती औषध न्हाई, दुखण्याची गोळी हाय"

"मॅडम, एवढ्या गोळ्या खाऊन हाय ती किडनी पण जाईल की हो."

किडनीच्या ओपीडीशेजारी माझी समुपदेशनाची खोली आहे आणि हे वाक्य ऐकलं नाही असा आठवडा जात नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय. ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

काका ६१ वर्षांचे, एसटीतून रिटायर ड्रायव्हर, सगळी नोकरी कोल्हापूर-रत्नागिरी लाइनला. शुगर, बीपी, क्रिएटिनिन १.९ (किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढतं ते). डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी सुरू केली, दोन आठवड्यांनी रिपोर्ट आला २.१, काकांनी त्याच दिवशी गोळी बंद केली आणि घरात कुणाला सांगितलंही नाही. बीपी १७० झालं तेव्हा काकू त्यांना जवळजवळ ओढतच घेऊन आल्या.

पहिली भेट मी समजावण्यात घालवली, ती वाया गेली. मी विवेकनिष्ठ विचार मानणारी आहे, माणूस घटनेपेक्षा त्या घटनेचा जो अर्थ लावतो त्यानेच जास्त हलतो हे मी रोज बघते. मग दुसऱ्या भेटीत अर्थच विचारला. गोळी बघितली की कोण आठवतं?

"थोरला भाऊ. गोळ्या चालू झाल्या आन् वर्षात डायलिसिस."

"गोळ्या चालू झाल्या तेव्हा त्यांचं क्रिएटिनिन किती होतं?"

काका गप्प. काकूच म्हणाल्या, "सहाच्या वर होतं की."

गोळ्यांनी किडनी गेली नव्हती, किडनी जवळपास गेल्यावर गोळ्या आल्या होत्या. काकांनी मान हलवली पण पटलं नव्हतं, ते मला दिसत होतं.

तिसऱ्या भेटीला म्हटलं, घरातली सगळी औषधं घेऊन या. साडीच्या दुकानाची पिशवी टेबलावर उपडी केली, शुगरच्या, बीपीच्या स्ट्रिपा, लेबल नसलेली चूर्णाची डबी. सहज विचारलं, इतकी वर्षं गाडी चालवलीत, कंबर दुखत नाही? काकांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि पासच्या मागून डायक्लोफिनॅकची स्ट्रिप काढली, दहातल्या दोनच गोळ्या उरलेल्या.

"ही पिशवीत का नव्हती?"

"ती औषध न्हाई मॅडम, दुखण्याची गोळी हाय."

मी पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं आम्ही सगळे 'कोणती औषधं चालू आहेत?' असं विचारत आलो आणि पेशंट खरं उत्तर देत आले! ज्या दुखण्याची जाणीवच नाही त्यासाठी रोज घ्यायचं ते औषध, त्याची भीती. आणि अर्ध्या तासात बरं वाटवते ती नुसती गोळी, तिची भीती कशाला? किडनी सांभाळणारी बंद, किडनीला मारक असलेली खिशात.

मग डॉक्टरांना खोलीतच बोलावलं. त्यांनी कागदावर गाळणी काढून दाखवली. दुखण्याची गोळी गाळणीत रक्त आणणारी नळी आवळते, टेल्मिसार्टन रक्त बाहेर नेणारी नळी सैल करते, त्याने आतला दाब उतरतो, लघवीतून प्रोटीन जायचं कमी होतं आणि किडनी जास्त वर्षं टिकते. सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं चढतं, ३० टक्क्यांपर्यंत चढलं तर सहसा गोळी बंद करत नाहीत, रक्तातलं पोटॅशियम वाढत नाही ना यावर मात्र लक्ष ठेवतात. तुमचं तर दहा टक्केच चढलं होतं.

काका बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हंजे आंबा घाट उतरताना सेकंडला टाकतो तसं. इंजिन बोंबलतंय, पण ब्रेक वाचत्यात."

हे मी सुचवलं नव्हतं. माणूस स्वतःच्या भाषेत उत्तर शोधतो तेव्हाच ते टिकतं असं मी कायम म्हणते आणि त्या दिवशी मला खरंच अभिमान वाटला.

आता तुमच्यासाठी. किडनीचा त्रास असेल तर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफिनॅक मेडिकलमधून परस्पर घेऊ नका, टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना तर अजिबात नको, तिन्ही मिळून किडनी अचानक बसू शकते. दुखण्यावर पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते, पण डोस डॉक्टरांना विचारूनच. जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी फोन करा, काही गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवाव्या लागतात, कोणत्या ते त्यांनी ठरवायचं. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, ४५ च्या खाली आला की मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीचा डोस कमी करतात आणि ३० च्या खाली बंद. पायाच्या आगीसाठीची गॅबापेन्टिन, प्रीगाबालिन किडनीवाटेच बाहेर जाते, डोस कमी नसेल तर माणूस दिवसभर झोपेत. 'लो सोडियम' मीठ पण नको, त्यात बऱ्याचदा पोटॅशियम असतं. आणि दातांच्या डॉक्टरकडे गेलात तरी पहिलं वाक्य हेच, मला किडनीचा त्रास आहे.

डॉक्टर मंडळींनाही कळकळीने सांगते, क्रिएटिनिन थोडं चढेल हे गोळी लिहितानाच सांगा, रिपोर्ट पेशंट घरी एकटाच वाचतो.

काका आता टेल्मिसार्टन घेतात, चूर्ण बंद, कंबरेला शेक आणि व्यायाम, शेवटचा रिपोर्ट २.०. आणि मी प्रश्न बदललाय, "औषध सोडून अजून काय घेता?" गेल्या आठवड्यात एका आजींना विचारलं तर त्यांनी कनवटीचा बटवा सोडला, सुपारीच्या खाली तशीच स्ट्रिप.