‘जोकर’ची भीती : तुमची पत्रं, आमची उत्तरं

गेल्या अंकात बॅटमनच्या गोष्टीतल्या खलनायकावरच्या ‘जोकर’ या पिक्चरबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, 2019 साली अमेरिकेत हा पिक्चर लागला तेव्हा थिएटरबाहेर पोलीस उभे होते एवढंच, तर त्यावर भरपूर पत्रं आली. सगळी छापणं शक्य नाही. बऱ्याच जणांच्या मनातलं ज्यात आलंय अशी निवडली आहेत आणि काही पत्रांत घरातल्या गोष्टी असल्यामुळे नाव कुणाचंच देत नाहीये.

ताई, माझा मुलगा अकरावीत आहे, 16 पूर्ण झाली. त्याला ‘जोकर’ बघायचाय, वर्गातल्या सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलाय म्हणे. मी नेटवर वाचलं की अमेरिकेत सैनिकांनासुद्धा या पिक्चरबद्दल सावध केलं होतं. तो हल्ली खोलीचं दार लावून बसतो, फार बोलत नाही. हे बघून त्याच्या डोक्यात काही भलतंसलतं शिरेल का? — एक आई, नाशिक

सैनिकांचं तुम्ही वाचलंत ते खरं आहे. सप्टेंबर 2019 मध्ये ओक्लाहोमातल्या फोर्ट सिल या लष्करी तळावर तशी सूचना गेली होती, कारण टेक्सासच्या पोलिसांना इंटरनेटच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत काही धमकीवजा बोलणं सापडलं होतं. पण त्या सूचनेत काय होतं ते नीट बघा. पिक्चर बघणारा बिघडतो असं त्यात कुठेही नव्हतं. कुणीतरी बंदूक घेऊन थिएटरात शिरू शकतो, तेव्हा आत गेल्यावर बाहेर पडायचे दोन रस्ते बघून ठेवा, एवढंच होतं. या दोन वेगळ्या भीती आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांची पार सरमिसळ झाली.

आता मुलाचं. आपल्याकडे याला ‘ए’ सर्टिफिकेट आहे, म्हणजे 18 च्या खालच्या मुलाला आईवडील बरोबर असले तरी थिएटरात सोडत नाहीत. अमेरिकेत ‘आर’ होतं, तिथे 17 च्या आतलं मूल मोठ्या माणसाबरोबर जाऊ शकतं. मोबाईलवर मात्र कुणी विचारत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. मला विचाराल तर दोन वर्षं थांबलेलं बरं, कारण रक्तपातापेक्षाही त्यातला एकटेपणा अंगावर येतो, दोन तास एका माणसाला सगळीकडून लाथाडलं जाताना बघायचं आणि मग तो हातात पिस्तूल घेतो तेव्हा आपल्याला क्षणभर बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं पचवायला थोडं वय लागतं. पण तो बघणारच असेल तर चोरून एकट्याने बघण्यापेक्षा तुम्ही शेजारी बसा, संपल्यावर उपदेश नको, त्याला काय वाटलं ते विचारा. आणि दार लावून बसण्याची काळजी पिक्चरच्या आधीपासूनची आहे ना? मग ती पिक्चर लपवून जाणार नाही. त्यासाठी त्याच्याशी वेगळं बोला, शाळा-कॉलेजात काही झालंय का, मित्र आहेत का, झोप लागते का.

ऑक्टोबर 2019 मध्ये आम्ही इथे अमेरिकेत तिकिटं काढली आणि मग बायको नको म्हणाली म्हणून कॅन्सल केली. भारतातले मित्र अजून हसतात, पिक्चरला कसले घाबरता म्हणून. आमचं चुकलं का हो? — एडिसन, न्यू जर्सी

अजिबात नाही. हसणाऱ्या मित्रांना ऑरोराबद्दल सांगा.

20 जुलै 2012, कोलोरॅडोतलं ऑरोरा शहर, सेंच्युरी 16 नावाचं थिएटर. बॅटमनच्या नव्या पिक्चरचा मध्यरात्रीचा पहिला शो, हॉल भरलेला, पोरंटोरं बॅटमनचे टीशर्ट घालून आलेली. तो माणूस रीतसर तिकीट काढून पुढच्या रांगेत बसला होता. थोड्या वेळाने उठून पडद्याशेजारच्या इमर्जन्सी दाराने बाहेर गेला, दार बंद होणार नाही अशी सोय करून, आणि त्याच दाराने गॅस मास्क आणि बंदुका घेऊन परत आला. त्याने गॅसचे डबे फेकले तेव्हा पहिल्यांदा कित्येकांना वाटलं की हा शोचाच भाग आहे, पब्लिसिटीसाठी काहीतरी करतायत. 12 जण गेले, 70 जखमी. गेलेल्यांत सगळ्यात लहान मुलगी 6 वर्षांची होती.

हे ज्या देशाने पाहिलंय तिथे त्याच बॅटमनच्या गोष्टीतला खलनायक मुख्य भूमिकेत येतोय म्हटल्यावर लोकांच्या पोटात गोळा येणारच. त्यात ‘जोकर’ लागायच्या दोनच महिने आधी, ऑगस्टच्या 3 आणि 4 तारखेला, एल पासोत आणि डेटनमध्ये लागोपाठ गोळीबार झाले होते, एल पासोच्या दुकानात 23 माणसं मेली, डेटनमध्ये 9. तुमच्या बायकोने हे सगळं टीव्हीवर बघितलेलं असणार.

खबरदारी सगळ्यांनीच घेतली. एएमसी थिएटर्सनी मास्क आणि चेहरा रंगवून यायला मनाई केली, लँडमार्क थिएटर्सनी वेषांतरच नको म्हटलं, न्यूयॉर्कमध्ये साध्या कपड्यांतले पोलीस प्रेक्षकांत बसले, कॅलिफोर्नियात हंटिंग्टन बीचला धमकी आली म्हणून एका थिएटरने पहिल्या रात्रीचे शो रद्द केले. ऑरोराच्या त्या थिएटरने पिक्चर लावलाच नाही. 4 ऑक्टोबरला लागला, ज्याची सगळ्यांना धास्ती होती तसला गोळीबार झाला नाही, आणि तीन दिवसांत एकट्या अमेरिका-कॅनडात साडेनऊ कोटी डॉलरच्या वर धंदा झाला. पण काही झालं नाही म्हणून घाबरणारे मूर्ख ठरत नाहीत. तिकिटं गेली तर गेली.

ऑरोरात ज्यांची माणसं गेली त्यांच्याबद्दल वाईट वाटतं, पण त्यांनी पिक्चरवर बंदी मागितली हे पटलं नाही. मग कलाकारांनी फक्त गोड गोडच दाखवायचं का? — एक विद्यार्थी, कोल्हापूर

अरे, त्यांनी बंदी मागितलीच नव्हती! तुझ्यासारखंच अजून किती जणांनी लिहिलंय, आणि दोष तुमचा नाही, बातम्यांचे मथळेच तसे होते, ‘ऑरोराच्या कुटुंबांचा जोकरला विरोध’ या थाटाचे. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

सप्टेंबर 2019 मध्ये वॉर्नर ब्रदर्सच्या प्रमुखांना त्यांनी पत्र पाठवलं, खाली पाच जणांच्या सह्या. या पिक्चरबद्दल कळल्यावर आम्ही विचारात पडलो असं त्यात होतंच, पण तुमच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याला आमचा पाठिंबा आहे असंही स्वच्छ लिहिलं होतं. मागण्या तीन. बंदूकवाल्यांच्या एनआरए या संघटनेचे पैसे घेऊन बंदुकांवरच्या कायद्यांना विरोध करणाऱ्या नेत्यांना देणग्या देणं थांबवा, तुमचं वजन वापरून बंदुकांचे कायदे कडक व्हावेत म्हणून प्रयत्न करा, आणि गोळीबारातून वाचलेल्यांच्या निधीला मदत करा. बस. पिक्चर थांबवा नाही, सीन कापा नाही.

कंपनीने उत्तर दिलं, की आम्ही ऑरोरासकट पीडितांना आधीही मदत केलेली आहे, आमच्या मूळ कंपनीने दोन्ही पक्षांना मिळून कायदा करायचं आवाहन केलंय, आणि हे पात्र किंवा हा पिक्चर म्हणजे खऱ्या हिंसेचं समर्थन नाही. ठीक आहे, पिक्चरपुरतं ते खरंच आहे. पण नंतर चर्चा कशावर झाली? पिक्चर धोकादायक आहे का, नायक सहानुभूतीने दाखवावा का, दिग्दर्शक टॉड फिलिप्स काय म्हणाला, जोकर झालेला नट वाकीन फिनिक्स मुलाखतीतून उठून का गेला. आठवडेच्या आठवडे हेच. त्या तीन मागण्यांवर कुणी असं आठवडाभर बोललं नाही, आणि मला हे आजही फार लागतं.

त्या सह्या करणाऱ्यांमध्ये एक नवरा-बायको होते, त्यांची मुलगी त्या गोळीबारात गेली. मारेकऱ्याने 6,000 च्या वर गोळ्या इंटरनेटवरून घरबसल्या मागवल्या होत्या, बंदुकासुद्धा कायदेशीर, दुकानातून विकत घेतलेल्या, आणि एकीला 100 गोळ्यांचं ड्रम मॅगझिन. या आईबापांनी गोळ्या विकणाऱ्यांवर केस केली. पैसे नको होते त्यांना, म्हणणं एवढंच की विकताना माणूस कोण आहे ते बघत जा. पण 2005 चा एक केंद्रीय कायदा आहे तिकडे, तो बंदुका आणि गोळ्या विकणाऱ्यांना असल्या दाव्यांपासून वाचवतो. केस निकालात निघाली, आणि वर समोरच्यांच्या वकिलांचा खर्च, दोन लाख डॉलरच्या वर, या आईबापांनीच भरायचा असा हुकूम झाला. त्यात त्यांचं दिवाळं निघालं.

मुलगी गेली, घरदार गेलं, आणि सात वर्षांनी हीच माणसं पत्र लिहितात तेव्हा जग म्हणतं, बघा, हे कलेच्या विरोधात आहेत.

अजून एक. मारेकऱ्याने ‘मी जोकर आहे’ म्हटलं होतं हे तूही ऐकलं असशील. ते त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या पोलीस कमिशनरांनी सांगितलं, हजारो किलोमीटर लांब बसून, आणि जगभर पसरलं. पुढच्या तपासात त्याला काही आधार सापडला नाही. केस रंगवलेले होते, पण नारिंगी-लाल, जोकरचे हिरवे असतात. म्हणजे 2019 च्या भीतीचा अर्धा पाया एका अफवेवर होता. उरलेला अर्धा बंदुकांवर, तो मात्र पक्का होता.

मग पिक्चरचा काहीच परिणाम होत नाही असं म्हणायचंय का? — पुणे

नाही, तसं म्हणणं खोटं होईल. 31 ऑक्टोबर 2021 ला टोकियोत केइओ लाइनच्या ट्रेनमध्ये 24 वर्षांच्या एका तरुणाने जांभळा सूट, हिरवा शर्ट घालून एका वयस्कर माणसाला भोसकलं आणि डब्यात आग लावली. जोकर आपल्याला आवडतो असं त्यानेच पोलिसांना सांगितलं. 2023 मध्ये त्याला 23 वर्षांची शिक्षा झाली. 1981 मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्याच्या डोक्यातही ‘टॅक्सी ड्रायव्हर’ हा पिक्चर आणि त्यातली नटी होती, आणि गंमत नाही, ‘जोकर’वर त्याच पिक्चरची गडद छाप आहे. तेव्हा वेष, नाव, पोज हे सगळं माणसं पिक्चरमधून उचलतात हे मान्य करायलाच हवं. पण टोकियोत त्या माणसाच्या हातात सुरी होती म्हणून जखमींचा आकडा 17 वर थांबला आणि कुणी मेलं नाही, हाही फरक बघा.

दुसऱ्या बाजूला 2009 साली डाल आणि डेलाविन्या या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या, तर हिंसक पिक्चरला गर्दी असते त्या संध्याकाळी मारामारीचे गुन्हे थोडे कमी होतात असं निघालं. कारण साधं, भांडणारी तरुण पोरं तेवढा वेळ थिएटरात बसलेली असतात, दारू पीत नसतात. वर्षानुवर्षांचा परिणाम त्यातून कळत नाही, हे त्यांनी स्वतःच लिहिलंय.

आणि परिणाम पिक्चरइतकाच बातम्यांचाही होतो. ऑरोरात मुलगा गमावलेल्या एका जोडप्याने मोहीम काढली आहे, मारेकऱ्याचं नाव-फोटो मिरवू नका, मेलेल्यांबद्दल बोला अशी. मी वर नाव लिहिलं नाही ते म्हणूनच.

कुठल्या दिग्दर्शकाने भीतीपोटी आपणहून पिक्चर मागे घेतलाय का? — सोलापूर

हो, स्टॅन्ली कुब्रिक. ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’. ब्रिटनमध्ये कोर्टात वकील आणि पेपरवाले पोरांच्या गुन्ह्यांचं खापर त्यावर फोडायला लागले, घरी धमक्या आल्या, तेव्हा त्याच्याच विनंतीवरून 1973 मध्ये तो तिथे बंद झाला. 1999 मध्ये कुब्रिक गेला आणि 2000 साली पिक्चर परत लागला. मधली 27 वर्षं ब्रिटनमध्ये गुन्हे थांबले नव्हते.

आपल्याकडे तेव्हा काहीच कसं झालं नाही? — ठाणे

आपल्याकडे तो 2 ऑक्टोबरला लागला, अमेरिकेच्या दोन दिवस आधी, आणि लोक आरामात बघून आले. कारण इथे बंदूक लायसन्सशिवाय मिळत नाही, 1959 चा कायदा आहे. आपली भीती वेगळी असते, झुंडीची, काचा फोडतील, पोस्टर जाळतील. त्यावर सुप्रीम कोर्टाने 1989 मध्येच सांगून ठेवलंय की जमाव आवरता येत नाही अशी सबब सरकारने सांगायची नाही, संरक्षण देणं हे त्याचं कामच आहे.

ताई, माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, आठ वर्षं गोळ्या चालू आहेत, दुकानात हिशेब लिहितो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हा पिक्चर आल्यापासून सोसायटीतली पोरं त्याला जोकर म्हणतात. परवा एका बाईंनी लिफ्टमध्ये त्याला बघून मुलाला मागे ओढलं. तो आता गोळ्याच नको म्हणतोय, घेतल्या की मी वेडा ठरतो म्हणतो. — एक बहीण, डोंबिवली

तुमचं पत्र वाचून फार वाईट वाटलं. ज्या भीतीबद्दल आपण इतकं बोललो, तिची किंमत शेवटी अशा माणसाला मोजावी लागते ज्याने कुणाला बोटही लावलं नाही. हा आजार असलेली बहुतेक माणसं कधीच कुणावर हात उगारत नाहीत, उलट त्यांनाच जास्त मार आणि फसवणूक सोसावी लागते. या बाबतीत मला पिक्चरवरही राग आहे. वाकीन फिनिक्सचं काम ऑस्करचंच आहे, पण गोळ्या बंद झाल्या आणि माणूस खुनी झाला हे जे सरळ जोडून टाकलंय त्यातून अशा घरांना त्रास झाला. त्याच पिक्चरमध्ये एक गोष्ट मात्र अगदी खरी आहे, सरकार पैसे कापतं, समुपदेशन केंद्र बंद होतं, आणि तिथली समुपदेशक बाई त्याला सांगते की तुझ्यासारख्यांची आणि माझ्यासारख्यांचीही यांना पर्वा नाही. भावाला चिडवणाऱ्यांनी नेमकं हेच बघितलं नाही.

आधी गोळ्यांचं. त्याने मनाने बंद करू नयेत, आणि तुम्हीही भांडून देऊ नका, याच आठवड्यात त्याला घेऊन डॉक्टरांकडे जा आणि लिफ्टचा प्रसंगसुद्धा त्यांना सांगा, डोस बदलायचा का ते ते ठरवतील. मग त्या पोरांच्या आईवडिलांना घरी जाऊन भेटा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, तिथे वाद वाढतो आणि भावाचं नाव अजून चार जणांत होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी द्या. आजारावरून भेदभाव करायचा नाही असं 2017 चा मानसिक आरोग्याचा कायदा उपचारांच्या बाबतीत सांगतो, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही धरलेला आहे, त्याचा उल्लेख करा. आणि रात्री-अपरात्री तो फारच अस्वस्थ झाला किंवा तुम्हालाच कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारचा टेलि-मानस नंबर आहे, 14416, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.