हल्ली सगळ्या बाळांची नावं सारखीच का वाटतात? आम्हाला मुलीसाठी वेगळं नाव हवंय, कसं शोधावं?

सारखी वाटतात, कारण लोक अर्थाच्या गप्पा मारतात आणि निवडतात कानाने. आरव, विहान, रेयांश, आर्वी, कियारा... सगळीकडे य, र, व, न. ट, ठ, ढ, घ, झ औषधालाही नाहीत. अर्थ नंतर वेबसाइटवरून चिकटवतात.

सिनेमा-मालिकांना दोष देणं अर्धंच खरं. अमेरिकेचं सोशल सिक्युरिटी खातं १८८० पासूनच्या नावांची आकडेवारी जाहीर करतं. तिथे 'जेनिफर' १९७० ते १९८४ मुलींमध्ये सलग पहिलं होतं. श्रेय मिळतं हॉलिवूडच्या 'लव्ह स्टोरी' चित्रपटाला, त्यातल्या नायिकेचं नाव जेनिफर. पण चित्रपट आला १९७० च्या डिसेंबरात आणि नाव त्याआधी कित्येक वर्षं चढतच होतं. सिनेमा बहुतेकदा वाहत्या गंगेत हात धुतो. नाव पाडायला मात्र एक गोष्ट पुरते. ॲमेझॉनने २०१४ मध्ये बोलक्या यंत्राला 'ॲलेक्सा' म्हटलं आणि २०१५ नंतर तिकडे ते नाव धडाधड उतरलं. साहजिक आहे, दिवे बंद करायचा हुकूम आपल्या पोरीच्या नावाने सुटलेला कोणाला आवडेल?

आता माझं. मुलीचं नाव मी 'इंदू' ठरवलं होतं. नवऱ्याला आवडलं होतं, निदान खोलीत तरी. थोरल्या नणंदेने घरच्या ग्रुपवर पोल टाकला. सहा पर्याय, त्यातली पाच नावं डोळे मिटून ऐकली तर एकाच मुलीची वाटतील. इंदू सगळ्यात खाली, पुढे हसणारी इमोजी. मत एकच पडलं, माझं. नवऱ्याने मतच दिलं नाही. वर ताईंचा फोन, "अगं, शाळेत तिला आजी म्हणून हाक मारतील!" मी म्हटलं, "मारू देत, ताई. आज्या मानाने बोलावल्या जातात."

नाव इंदूच ठेवलं. शाळेत कोणी आजी म्हटलं नाही. तिच्या वर्गात एकाच नावाच्या तिघी होत्या, त्यांना आडनावाच्या अक्षरावरून हाका मारायचे. त्यातली एक ताईंच्या पोलमधली विजेती. आणि आता ताईंना नात होणार आहे, तर त्याच ग्रुपवर "काहीतरी जुनं, क्लासिक सुचवा" असा मेसेज आलाय. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

हे सगळीकडे घडतं. आईच्या पिढीतलं नाव शिळं वाटतं, कारण त्या नावाच्या मावश्या-काकवा आपण रोज पाहतो. पणजीच्या नावाची माणसं डोळ्यांसमोर नसतात, म्हणून ते नवं वाटतं. अमेरिकेत एमा, इंग्लंडमध्ये आर्थर असेच परत आले.

तेव्हा पणजीच्या पिढीत शोधा. मात्र सगळेच तिथे शोधायला लागलेत, त्यामुळे 'मीरा' आता वेगळं राहिलेलं नाही. परदेशी राहत असाल तर तिथल्या लोकांना उच्चारता येतंय का बघा. आणि पणजीचं नाव खरंच कानाला खुपत असेल तर हट्टाने लादू नका, वापरणार ती आहे.

पण घरच्या ग्रुपवर पोल टाकू देऊ नका. ठरवा, कागदोपत्री नोंदवा, मग कळवा. नवऱ्याचं मत आधीच सगळ्यांसमोर वदवून घ्या. माझं हे उत्तर ताईंना कोणी पाठवलंत तरी माझी हरकत नाही.